कथानक नियमांच्या पुस्तकात सापडतं: मुलांसाठी खेळावरच्या गोष्टी लिहिताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी खेळांवरच्या गोष्टींचा एक छोटा संग्रह करायचा आहे. चार गोष्टी लिहून झाल्या. वर्गात वाचून दाखवल्या, तर दुसऱ्याच पानावर एकाने विचारलं, "बाई, शेवटी हेच जिंकणार ना?" मग तुम्ही एका गोष्टीत संघ हरवून पाहिला, तर मुलं हिरमुसली. आता शेवट करायचा तरी कसा? शिवाय तुमच्या शाळेत खो-खो आणि कबड्डी खेळतात, तर त्यावर काय लिहावं, आणि एखाद्या खऱ्या खेळाडूवर, समजा कुस्तीतल्या, गोष्ट लिहायची झाली तर कुठून सुरू करावी?

शेवटाला हात लावू नका, कारण खोट सुरुवातीत आहे. तुमच्या चारही गोष्टींतल्या मुलाला एकच हवंय, सामना जिंकायचाय. असं असलं की शेवट दोनच उरतात, आणि दोन्ही मुलांना पहिल्या परिच्छेदातच ठाऊक असतात. पात्राला सामन्याखेरीज दुसरं काहीतरी हवं असू द्या, आणि ते मिळणार की नाही हे त्या खेळाच्या एखाद्या नियमावर अडकवा. मग संघ जिंको की हरो, मुलं शेवटपर्यंत ऐकतात.

बालमासिकांकडे आलेल्या गोष्टी निवडायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. दर क्रीडा विशेषांकाला गठ्ठाभर गोष्टी येतात. त्यांतल्या बऱ्याच अशा असतात की खो-खोच्या जागी क्रिकेट घातलं तरी एक वाक्य बदलावं लागणार नाही. माझी पहिली चाचणी हीच आहे. खेळ बदलून पाहा. गोष्ट तशीच उभी राहिली, तर ती त्या खेळाची नाही.

शाळेत मी खो-खो खेळले आहे, म्हणून उदाहरण त्यातलंच घेते.

आठ जणी मधल्या पाटीवर, म्हणजे मैदानाच्या मधोमध आखलेल्या पट्ट्यावर, चौकोनांत बसलेल्या, एकीचं तोंड या बाजूला, पुढचीचं त्या बाजूला. नववी उभी, ती आक्रमक. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही. पळणारी मात्र बसलेल्यांच्या मधून कुठूनही जाऊ शकते. ती पलीकडे गेली, की आक्रमकाने पाठमोऱ्या बसलेल्या मुलीला मागून हात लावून, मोठ्याने "खो" म्हणून, आपली जागा तिला द्यायची आणि स्वतः तिच्या चौकोनात बसायचं. आवाज आला नाही तर फाऊल. बसलेली आधीच उठली तरी फाऊल. फाऊल झाला की आक्रमकाला उलट दिशेला जावं लागतं आणि तेवढ्यात पळणारी निसटते.

आता हाच नियम एका पाचवीतल्या मुलीच्या नजरेने पाहा. जिच्याशी आपली कट्टी आहे, ती आपल्या रांगेत बसली आहे. पळणारी नेमकी तिच्या तोंडासमोर गेली आहे. खो तिलाच द्यावा लागणार, आणि तोसुद्धा मोठ्याने. सगळ्या शाळेसमोर.

झालं, गोष्ट मिळाली. मी काही वेगळं सुचवलं नाही, नियमानेच दिली. दुसऱ्या कुठल्या खेळात हे जमणार नाही. फुटबॉलमध्ये कट्टी असलेल्या मैत्रिणीला न बोलता पास देता येतो, रिलेमध्ये बॅटन गुपचूप हातात ठेवता येतं. खो-खोत तोंड उघडावंच लागतं.

लिहून कसं दिसेल ते पाहू. आधी आमच्याकडे येतं तसं, म्हणजे सरासरी मसुदा कसा असतो ते, मीच रचून देते:

"सामना अतिशय चुरशीचा झाला. दोन्ही संघ जिवाची बाजी लावून खेळत होते. शेवटचे दहा सेकंद उरले. आरतीने डोळे मिटले. तिला आईचे कष्ट आठवले. तिने विजेसारखी झेप घेतली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला."

डोळे मिटून सूर मारणारी मुलगी पाटीच्या टोकाच्या खांबावर आपटेल, हे वर्गातली कुठलीही खेळाडू सांगेल. आणि या सहा वाक्यांत दिसतं काय? मैदान नाही, पाटी नाही, पळणारी नाही. आता कट्टीची गोष्ट:

"सानिकाचं तोंड विहिरीच्या बाजूला होतं. आरतीला तिची पाठ तेवढी दिसत होती, आणि वेणीची निळी रिबन. पळणारी दोघींच्या मधून सुळकन विहिरीच्या बाजूला गेली. आता सानिकाच. आरतीने तिच्या पाठीवर हात टेकला. सानिका हलली नाही. शिटी वाजली. 'आवाज कुठंय? फाऊल!' पंच म्हणाले. आरती उलटी वळली. मागे सानिका कुजबुजली, 'मला ऐकूच नाही आलं.' सोमवारपासून ती पहिल्यांदा बोलली होती."

यात कोण पुढे, कोण मागे, गुण किती, काहीच सांगितलेलं नाही, तरी पुढे काय होतं ते वाचावंसं वाटतं. पुढचा खो आरती कसा देते, यावर गोष्ट उभी राहील. सामना त्या दोघी हरल्या तरी हरकत नाही. तुमची मुलं हिरमुसली ती संघ हरला म्हणून नाही; हरल्यावर गोष्टीत हातात काही उरलंच नाही, म्हणून.

याच खेळातून अजून किती निघतील बघा. संघ १२ जणांचा, मैदानात ९. तीन बाहेर. दहाव्या मुलीची गोष्ट मला आजवर फार क्वचित वाचायला मिळाली आहे. तिला खेळायचंय, पण कुणाचा तरी पाय मुरगळल्याशिवाय तिची पाळी येणार नाही, आणि पाय मुरगळणारी बहुधा तिची मैत्रीणच असणार. चांगली मुलगी मनात काय काय विचार करते, हे लिहायला धीर लागतो, तो करा. किंवा पळती घ्या: पळणारे तिघांच्या तुकडीने उतरतात. तीनही बाद झाले, की पुढच्या तिघांनी दोन खो दिले जाण्याआधी आत यायचं. तुमचे तिघं बाजूला बसून गप्पा मारतायत, आणि त्यांतल्या एकाची चप्पलच सापडत नाहीये. ही विनोदी गोष्ट आहे, आणि विनोदी क्रीडाकथा आपल्याकडे दुष्काळात पाऊस पडावा तशी येते.

सामना किती लिहायचा, हा पुढचा प्रश्न. मोठ्यांच्या खो-खोत एक पाळी ९ मिनिटांची असते, लहान गटांत ७ मिनिटांची, आणि अशा चार. सगळं लिहायला गेलात तर आकाशवाणीचं धावतं वर्णन होईल. हजार-बाराशे शब्दांच्या गोष्टीत मैदानावरचा वेळ एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त घेऊ नये असं माझं मत आहे. बाकीचं एका वाक्यात उरका: "पहिली पळती बरी गेली, दुसरी नाही." मुलांना पुरतं. आणि जी एक-दोन मिनिटं घ्याल, ती मात्र पावलापावलाने घ्या. कुठल्या चौकोनापाशी, कुठली बाजू, हात कुठे लागला, ते सगळं. खेळातला थरार विशेषणांतून कधी येत नाही, कुठे उभं राहून बघतोय ते कळलं की येतो. म्हणून पहिल्या पानावरच मैदानाला खुणा द्या: एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला मुख्याध्यापकांची खिडकी, एका खांबामागे बाभळीचं झाड. नंतर "उजवीकडे", "डावीकडे" म्हणायची गरज उरत नाही.

नियमांच्या चुका हा विषय लहान वाटतो, पण मुलं याच जागी लेखकाला पकडतात. खो-खोच्या गोष्टींत हमखास सापडणारी चूक म्हणजे "ती गर्रकन मागे वळली आणि तिने त्याला टिपलं." आक्रमकाला मागे वळता येत नाही, हे चौथीतल्या पोराला माहीत असतं. दुसरी, बसलेली मुलं एकमेकांना खो देतात. तिसरी चित्रकाराची: सगळे आठ जण एकाच दिशेला तोंड करून बसवलेले. चित्रकाराला खेळ माहीत असेलच असं धरून चालू नका. मैदानाचा एक साधा नकाशा काढून द्या, त्यात बाण काढून तोंडं दाखवा. खांबाची उंचीही सांगा, १२० ते १२५ सेंटिमीटर. नाहीतर विजेच्या खांबाएवढा खांब छापून येतो.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. महिलांनी ७८-४०, पुरुषांनी ५४-३६. दोन्ही कर्णधार आपल्या मराठी मुलखातले, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. तेव्हापासून मुलांच्या गोष्टींत "७८ गुण" वगैरे आकडे यायला लागलेत. तो झटपट प्रकार आहे, त्याची गुणपद्धत वेगळी. तालुक्याच्या पारंपरिक सामन्यात गडी बाद केला की एक गुण, त्यामुळे तिथे आकडे लहान असतात. तुमच्या गोष्टीतली शाळा कुठला प्रकार खेळते ते आधी ठरवा आणि मग त्यालाच धरून राहा. माती की मॅट हेही ठरवा. मातीवर पोरं अनवाणी खेळतात आणि गुडघे फुटतात. मॅटवर बूट लागतात, आणि मातीत तयार झालेल्या मुलाला पहिल्यांदा मॅटवर उतरल्यावर पाय कुठे पडतोय तेच कळत नाही. ही एक अख्खी गोष्ट आहे, हवी तर घ्या.

कबड्डीबद्दल. इथे रचना आयतीच आहे, कारण चढाई ३० सेकंदांची. एक मुलगा एकटा, समोर सात जण, तोंडाने "कबड्डी कबड्डी" चालू, श्वास तुटला की खेळ संपला. एका चढाईत एक लघुकथा बसते. पण कबड्डीवर येणाऱ्या गोष्टींपैकी निम्म्याअधिक एकाच साच्याच्या असतात: पंचांना स्पर्श दिसला नाही, मुलगा स्वतःहून हात वर करतो, संघ हरतो, सर पाठ थोपटतात. प्रामाणिकपणा चांगलाच, पण सरांनी पाठ थोपटली की मुलांना कळतं की हे आपल्याला शिकवायला लिहिलंय. हीच गोष्ट लिहायची असेल तर पाठ थोपटणारं कुणी ठेवू नका. त्याचा संघ त्याच्यावर चिडलेला दाखवा. बसमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसत नाही, डब्यातली चटणी कुणी मागत नाही. प्रामाणिकपणाची किंमत तिथे मोजली जाते. आणि गोष्ट तिथेच सोडता आली तर सोडा.

कबड्डीतला माझा आवडता नियम मात्र दुसराच आहे, आणि त्यावर लिहिलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसतो. आपल्या संघाने समोरचा एक गडी बाद केला की आपला एक जिवंत होतो. पण ज्या क्रमाने बाद झालात त्याच क्रमाने आत यायचं. म्हणजे तुम्ही बाहेर बसलात, तुमच्या आधी दोघं बाद झालेत, आणि चढाईला निघालाय तोच मुलगा ज्याने कप्तानपदासाठी तुमच्याविरुद्ध मतं मागितली होती. त्याने तीन गडी मारले तरच तुम्ही आत. त्याच्यासाठी ओरडायचं की नाही? ओरडायचं तर किती जोरात? आणि तो खरंच तीन मारून परत आला, तर आत जाताना त्याच्या डोळ्यांत बघायचं का? अकरा वर्षांच्या मुलाला हा पेच अगदी बरोबर कळतो, मोठ्यांपेक्षाही जास्त.

शब्दही मैदानावरचे वापरा: चढाई, पकड, बोनस, लोण चढणं (म्हणजे अख्खा संघ बाद होणं). "त्याने प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात प्रवेश केला" असं कुठलाच मुलगा बोलत नाही. "चढाईला गेला" म्हणतो. मध्यंतरात सर काय बोलतात तेही कान देऊन ऐका. "मुलांनो, खेळात हारजीत होतच असते" असं बोलणारे सर फक्त गोष्टींत असतात. खरे सर म्हणतात, "अरे, उजवा कोपरा कोण धरणार? तुझा काका?"

आता खऱ्या खेळाडूवरची गोष्ट. तुम्ही कुस्तीचं विचारलंय, म्हणजे खाशाबा जाधव येणारच. त्यांच्यावर गोष्ट लिहा, पण जन्मापासून लिहू नका. कराडजवळचं गोळेश्वर, १९४८ चं लंडन ऑलिंपिक, तिथे सहावा क्रमांक, १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक: हा इतिहासाच्या पुस्तकातला धडा झाला. गोष्टीसाठी यातली एकच जागा कापून घ्या. माझ्या नजरेत तीन जागा आहेत.

हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावोगाव फिरून वर्गणी जमवली, तरी पुरेना, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ही गोष्ट पैलवानाच्या नजरेतून सगळेच सांगतात. घरातल्या एखाद्या लहान मुलाच्या नजरेतून सांगून बघा, ज्याला "गहाण" म्हणजे काय ते नीट कळत नाही आणि आपल्याला घर सोडावं लागणार का एवढीच काळजी आहे. असं मूल तुम्ही कल्पनेने आणाल, तेव्हा गोष्टीच्या शेवटी एका ओळीत तसं सांगून टाका. मुलं खरं आणि रचलेलं यांत फरक करायला शिकत असतात, त्यांची फसगत नको.

दुसरी जागा लढतीची. हेलसिंकीत एक कुस्ती संपल्यावर त्यांना लगेच पुढच्या कुस्तीला उभं राहायला सांगितलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यायची असा नियम होता, पण तो बोलून दाखवायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. पुन्हा बघा, गोष्ट नियमातच आहे. दमलेला माणूस, परकी भाषा, नियम त्याच्या बाजूचा, आणि सांगणारं कुणी नाही. ज्या मुलाची वर्गात बाजू कुणी घेत नाही, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी, परत आल्यावरची. कराड स्टेशनवर त्यांना घ्यायला शंभराहून अधिक बैलगाड्या आल्या होत्या. इतक्या गाड्यांत आपल्या बैलजोडीची गाडी कितव्या नंबरला, यावरून दोन गावांतल्या पोरांचं भांडण लावून द्या. पदक एका वाक्यात येऊ द्या.

हयात खेळाडूंबद्दल मी जरा कडक आहे. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीच्या, त्याही आधी खो-खो खेळायच्या आणि पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. जाहीर असलेलं एवढं खुशाल वापरा. पण त्यांच्या तोंडी आपले संवाद घालू नका, "तेव्हा तिच्या मनात आलं" असं लिहू नका. त्याऐवजी त्यांना टीव्हीवर बघणारं मूल तुमचं असू द्या. त्याच्या मनात काय यावं हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे.

गरिबीबद्दल एक विनंती. फाटके बूट, विकलेले दागिने, आजारी वडील, हे तिन्ही एकाच गोष्टीत नकोत. खेड्यातली मुलं खेळतात ती दुःख विसरायला नाही, मजा येते म्हणून खेळतात. तुमच्या चार गोष्टींतल्या एकाही मुलाला खेळताना मजा आलेली मला दिसली नाही. सगळी ध्येयाने पेटलेली. एखाद्याला फक्त सामन्यानंतर मिळणाऱ्या केळ्यांसाठी संघात यायचं असू द्या.

मुलींच्या गोष्टींत "मुलगी असूनही" हा सूर लावू नका. सहावी-सातवीच्या मुलींसाठी लिहिताय, तर मासिक पाळी आली म्हणून सामन्याला जायचं की नाही, हा प्रश्न त्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. मैत्रिणी आपसात जसं बोलतात तसं साधेपणाने लिहा. काही शाळांतून कुरकुर होईल. होऊ द्या.

लांबीचं म्हणाल तर पाचवीसाठी ८०० ते १,००० शब्द, सातवीसाठी १,५०० पर्यंत. मोठ्याने वाचून बघा; जिथे तुम्हाला श्वास घ्यायला थांबावं लागतं आणि खेळातली मुलगी मात्र धावतेय, तिथलं वाक्य तोडा.

तुमच्या चारपैकी तिसरी, पंचगिरी करणाऱ्या शिपाईकाकांची, मला सगळ्यांत बरी वाटली. त्यात काका स्वतःच्या नातवाला बाद देतात आणि मग दीड पान त्याची समजूत घालतात. ते दीड पान काढून टाका. नातू रुसून मैदानाबाहेर गेलाय, काकांच्या तोंडात अजून शिटी आहे, आणि पुढचे तिघं आत यायचे आहेत. काकांना सामना थांबवता येत नाही. तिथून पुढची पाळी लिहा आणि मला पाठवा. बाकीच्या तीन गोष्टींना सध्या हात लावू नका.